दांत साफ करणाऱ्या हातांची मर्यादा

मर्यादा हा शब्द आपल्या घरांना नवा नाहीं. वडील माणसांसमोर आवाज चढवूं नये, पाहुण्यांचीं पानें वाढल्यावांचून आपण पानावर बसूं नये, दोन थोर माणसें बोलत असतां मध्येंच तोंड घालूं नये, अशा कितीतरी मर्यादा मुलांच्या अंगीं न शिकवतांच बाणत असतात. या सर्वांचा एक विशेष असा कीं, त्या लहानानें मोठ्यापुढें, सुनेनें सासूपुढें, धाकट्यानें थोरल्यापुढें पाळावयाच्या असतात. आज ज्या मर्यादेविषयीं लिहावयाचें योजिलें आहे तिची दिशा अगदीं उलट आहे. तेथें ज्याच्या हातीं हत्यार आहे, ज्याच्यापाशीं ज्ञान आहे आणि ज्याला बोलतां येतें, त्यानें मर्यादा पाळावयाची. आणि जो खुर्चीवर उताणा होऊन तोंड उघडून आहे, तो सात वर्षांचा असो कीं सत्तर वर्षांचा, त्याच्यासाठीं ती पाळावयाची. ही मर्यादा शिकणाऱ्या मुली आतां आपल्या घराघरांतून निघूं लागल्या आहेत. म्हणून घरच्या मंडळींनींहि ती समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

दंतवैद्य आणि डेंटल हायजिनिस्ट यांच्यांतील भेद पुष्कळांच्या ध्यानांत नसतो. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें आपल्या देशांत हायजिनिस्टची व्याख्या केली, ती अशी कीं, जो स्वतः दंतवैद्य नसून दांतांवरील किटण काढतो, दांत स्वच्छ व गुळगुळीत करतो किंवा दंतस्वच्छतेचें शिक्षण देतो तो हायजिनिस्ट. दांत उपटणें, कीड कोरून भरणें, रोगाचें निदान करणें हें त्याचें काम नव्हे. अमेरिकेंत आणि कॅनडांत हा व्यवसाय बराच विस्तारला असून त्यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा आहे. इकडे दंतवैद्यकाची पदवी घेऊन लग्नानंतर तिकडे गेलेल्या आपल्या कांहीं मुलीहि तेथील दंतवैद्याच्या परवान्याला लागणारा काळ आणि पैसा पाहून प्रथम हा मार्ग धरतात.

या शिक्षणाचा क्रम पाहण्यासारखा आहे. विद्यार्थिनीच्या हातीं आरंभीं जिवंत माणसाचें तोंड देत नाहींत. रबराच्या गालांच्या पुतळ्याच्या तोंडांत तिनें हात बसवावयाचा असतो. हत्यार धरलेल्या हाताचें एक बोट जवळच्या दांतावर टेकवून हात स्थिर ठेवणें, हाच पहिला धडा; तें बोट सुटलें कीं हत्यार हिरडीत घुसलेंच म्हणून समजावें. त्यानंतर मुली एकमेकींचे दांत साफ करतात. या पायरीचें मोल फार मोठें आहे. आपल्याच वर्गांतील मुलीच्या हाताखालीं तोंड उघडून पडलें असतां पाण्याची धार घशाकडे गेली म्हणजे जीव कसा घाबरतो, वरचा दिवा डोळ्यांवर आला म्हणजे किती असह्य होतें, आणि कोणी आपल्या अंगावरून दुसऱ्याशीं गप्पा मारूं लागलें म्हणजे आपण माणूस नसून लांकडाचें फळकूट आहों असें कसें वाटतें, याचा अनुभव पुस्तकांतून येत नाहीं. यानंतरच शिक्षकांच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष रुग्ण मिळतो.

रुग्ण मिळाला म्हणजे लगेच किटण काढावयास बसावयाचें, असेंहि नाहीं. प्रथम त्याच्या प्रकृतीची चौकशी. मधुमेह आहे काय, रक्त पातळ ठेवणारें औषध चालू आहे काय, हृदयाची झडप बदलली आहे काय, तंबाखूची संवय आहे काय, स्त्री असल्यास दिवस गेले आहेत काय, असे प्रश्न विचारून उत्तरें लिहून घ्यावयाचीं. मग बारीक खुणांची बोथट सळई हिरडी आणि दांत यांच्या फटींत अलगद घालून खोली मोजावयाची. निरोगी हिरडीची ही फट एक ते तीन मिलिमीटर भरते. त्याहून खोल गेली कीं हिरडी दांतापासून सुटूं लागल्याची शंका घ्यावी. दांतांवर रोज सांचणारा मऊ, चिकट थर वेळच्या वेळीं काढला नाहीं तर लाळेंतील क्षारांनीं कांहीं दिवसांतच कठीण होऊं लागतो, तेंच किटण. खालच्या पुढच्या दांतांच्या आंतल्या बाजूस तें अधिक सांपडतें, कारण लाळेच्या ग्रंथींचीं तोंडें तेथें जवळच आहेत. एकदां कठीण झाल्यावर तें घरच्या ब्रशानें निघत नाहीं, हत्यारच लागतें.

आतां या कामांतील एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी. इतर वैद्यांपुढें रुग्ण बोलूं शकतो. येथें तोंडच उघडें असल्यामुळें त्याची वाचा बंद असते. दुखतें आहे, थांबा, मला भीति वाटते, हें सांगण्याचें साधनच त्यानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेलें असतें. म्हणून चांगली विद्यार्थिनी काम आरंभण्यापूर्वींच सांगते, “दुखलें किंवा थांबावेंसें वाटलें तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.” आणि हात वर होतांच खरोखरच थांबते. एवढें थोडें राहिलें आहे, तेवढें करूनच घेतें, असें म्हणून पुढें रेटणें हा तेथें अपराध समजावा. स्पर्श करण्यापूर्वीं सांगणें, खुर्ची खालीं नेण्यापूर्वीं सांगणें, कापूस किंवा हत्यारें रुग्णाच्या छातीवरील रुमालावर न ठेवतां बाजूच्या तबकांतच ठेवणें, या गोष्टी बारीक दिसतात. परंतु रुग्णाचें शरीर म्हणजे आपलें टेबल नव्हे, ही जाणीव हातांत मुरविण्याचे हेच उपाय आहेत.

या व्यवसायाचा उगमच मुळीं नात्यांतून झाला आहे. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत ब्रिजपोर्ट म्हणून शहर आहे. तेथील दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनीं १९०६ सालीं आपल्या दवाखान्यांत मदतनीस असलेल्या आयरीन न्यूमन या बाईंना रुग्णांचे दांत साफ करावयास शिकविलें. या बाई त्यांच्या चुलत-मावस नात्यांतील बहीणच होत्या. १९१३ सालीं फोन्स यांनीं या विषयाची पहिली शाळा काढली व १९१४ सालीं तिच्यांतून २७ स्त्रिया शिकून बाहेर पडल्या. त्यांच्यापैकीं अनेकींनीं ब्रिजपोर्टच्या सार्वजनिक शाळांतून मुलांचे दांत साफ करण्याचें व त्यांना दंतस्वच्छता शिकविण्याचें काम केलें. १९१७ सालीं न्यूमन बाईंना कनेक्टिकटचा हायजिनिस्टचा परवाना मिळाला. म्हणजे अवघ्या अकरा वर्षांत घरच्या माणसाचा घरच्या माणसावरील विश्वास मागें पडून त्याच्या जागीं परवाना आला. विश्वास वाईट म्हणून नव्हे. जो नात्यांत नाहीं अशा परक्यालाहि तेवढ्याच निर्धास्तपणें तोंड उघडतां यावें म्हणून.

असें असतांहि विद्यार्थिदशेंत नातें पुन्हां मागील दारानें आंत येतें. अमेरिकेंतील कित्येक शाळांत विद्यार्थिनीनें आपले रुग्ण आपणच शोधून आणावयाचे असतात. परीक्षेस बसण्यापूर्वीं अमुक प्रकारचे, अमुक इतकें किटण असलेले रुग्ण तिच्या हातून व्हावेच लागतात. मग ती शेजाऱ्यांना विनविते, मैत्रिणीच्या भावाला गळ घालते, नवऱ्याच्या कचेरींतील लोकांना सांगते. येथें एक विचित्र अवस्था उत्पन्न होते. वस्तुतः उपकार रुग्णावर व्हावयाचा. पण रुग्ण न आला तर विद्यार्थिनीचें वर्ष बुडणार, म्हणून उपकाराचें ओझें तिच्याच डोक्यावर बसतें. ज्याचें ऋण आपल्यावर आहे त्याला नाहीं म्हणणें कठीण. तो वेळ चुकवून आला तरी हंसून घ्यावें लागतें. त्यानें रात्रीं फोनवर निरोप धाडला तरी उत्तर द्यावेंसें वाटतें. त्याच्या तोंडांत कांहीं संशयास्पद दिसलें तर तें स्पष्ट सांगावयास जीभ अडखळते. आणि मर्यादा सुटते ती बहुधा अशीच, कोणाच्या दुष्टपणानें नव्हे, तर भिडेनें. यावर उपाय एकच. रुग्णाशीं होणारें सर्व बोलणें शाळेच्या फोनवरून व्हावें, वेळा शाळेच्या वहींत लिहिल्या जाव्या, आणि भेटवस्तु आली तर शिक्षकांच्या कानावर घालून मगच ती घ्यावी कीं परत करावी हें ठरवावें. घरच्या डब्यांतला लाडू आणि सोन्याची अंगठी यांतील फरक कोणालाहि कळतो. परंतु दोहोंच्या मधल्या वस्तूंविषयीं वीस वर्षांच्या मुलीनें एकटीनें निर्णय करूं नये.

हा गुंता किती दूर जाऊं शकतो याचें एक उदाहरण कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत घडलें. तेथील कायद्यानें, उपचार चालू असलेल्या रुग्णाशीं शरीरसंबंध ठेवणें हें लैंगिक गैरवर्तन ठरविलें आहे. रुग्णाची संमति असली तरी परवाना रद्द होतो व पांच वर्षें पुन्हां अर्ज करतां येत नाहीं. तेथील एका पुरुष हायजिनिस्टनें एका ओळखीच्या बाईंचे दांत साफ केले होते. पुढें दोघांचें प्रेम जमल्यावर त्यानें नियम जाणून तिच्यावरील उपचार थांबविले. मात्र आतां नियम बदलला आहे, असें एका सहकाऱ्याकडून ऐकल्यावर ते पुन्हां सुरू केले. वस्तुतः नियम बदलण्याचा विचार चालला होता, तो अमलांत आला नव्हता. २०१६ सालीं दोघें विवाहबद्ध झालीं. पत्नीची कांहींहि तक्रार नव्हती. तक्रार तिसऱ्याच व्यक्तीनें केली. २०१८ सालीं त्याचा परवाना रद्द झाला. ऑक्टोबर २०२० मध्यें ओंटारिओनें हायजिनिस्टला आपल्या पति-पत्नीवर उपचार करण्याची मुभा दिली. परंतु तिचा लाभ मागच्या कृत्यास मिळाला नाहीं, आणि २०२१ सालीं अपील न्यायालयानें परवाना रद्द केल्याचा निर्णय कायम केला.

हें वाचून आपल्या घरांतील कोणीहि म्हणेल, नवऱ्यानें बायकोचे दांत साफ केले, यांत कोणाचें काय बिघडलें? प्रश्न रास्त आहे, आणि ओंटारिओनें नियम बदलला तोहि तो रास्त वाटल्यामुळेंच. तरी कायद्याची मूळ भूमिका समजून घेतली पाहिजे. हें जोडपें सुखी होतें कीं नाहीं, हें कायदा पाहत बसत नाहीं. खुर्चीवर पडलेला आणि खुर्चीशेजारीं बसलेला हीं दोन माणसें त्या घटकेस समान नसतात. म्हणून अशा स्थितींत दिलेल्या संमतीला तो पूर्ण संमति मानावयास तयार नसतो. त्याच विचारानें ओंटारिओंत उपचार संपल्यावरहि निदान एक वर्ष ती व्यक्ति रुग्णच समजली जाते. विद्यार्थिनीनें यांतून घ्यावयाचा धडा मात्र साधा आहे. नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकूं नये, स्वतः वाचावा. आणि जेथें मन गुंतलें आहे तेथें आपण हत्यार धरूं नये, रुग्ण दुसऱ्या हातीं द्यावा.

हें सारें पाश्चात्य खूळ आहे, असें समजणाऱ्यांनीं चरकसंहितेच्या विमानस्थानाचा आठवा अध्याय अवश्य पाहावा. वैद्यकाच्या शिष्याला गुरूनें द्यावयाचा उपदेश तेथें विस्तारानें आला आहे. रुग्णाच्या घरीं ओळखीच्या व परवानगी असलेल्या माणसाबरोबरच जावें, आंत गेल्यावर मन, वाणी आणि बुद्धि रुग्णाच्या हिताखेरीज कोठेंहि गुंतवूं नये, त्या घरांतील गोष्टी बाहेर सांगूं नयेत, असें तेथें बजाविलें आहे. स्त्रीकडून कांहीं घेणें झाल्यास तिच्या पतीची किंवा पालकाची अनुज्ञा असावी, असेंहि सांगितलें आहे. या शेवटच्या नियमाचें रूप आज बदललें. स्त्री-रुग्ण स्वतःच्या शरीराविषयीं स्वतःच संमति देते. पतीच्या अनुज्ञेचा प्रश्न उरत नाहीं. परंतु घरांतील गोष्ट बाहेर जाऊं नये, हा नियम जसाच्या तसा उभा आहे. इतकेंच नव्हे, तर एकत्र कुटुंबांत त्याला आणखी एक पाऊल पुढें जावें लागतें. एकाच्या तोंडांतील गोष्ट त्याच घरांतील दुसऱ्याच्या कानीं जाऊं नये.

येथेंच आपल्या घरांची खरी परीक्षा आहे. समजा, सासूबाई सुनेबरोबर दवाखान्यांत आल्या आहेत. विद्यार्थिनीनें तोंड पाहिलें तों दांतांच्या मुळाशीं काळसर डाग, हिरडी सुटलेली आणि गालाच्या आंतल्या अंगास पांढरट चट्टा. मिश्रीची संवय पुष्कळ वर्षांची, आणि घरांत कोणालाहि ठाऊक नसलेली. चट्टा कशाचा हें ठरविणें विद्यार्थिनीचें काम नव्हे. तिनें लगेच शिक्षकांना बोलावून तो दाखवावयाचा व दंतवैद्यांकडून तपासून घ्यावयाचा. पण बाहेर येतांच सून विचारते, “काय निघालें हो?” प्रश्न काळजीचा आहे, तरी उत्तर सुनेला द्यावयाचें नाहीं. “तें आईंनाच सांगितलें आहे, त्या सांगतील,” एवढेंच नम्रपणें बोलावयाचें. याउलट प्रसंग अधिक नाजूक. नवी सून खुर्चीवर आहे, सासूबाई शेजारीं उभ्या आहेत, आणि विद्यार्थिनीला विचारावयाचें आहे कीं, दिवस गेले आहेत काय? चालू औषधें कोणतीं? या प्रश्नांची उत्तरें सुनेनें सर्वांसमोर दिलींच पाहिजेत असें नाहीं, आणि तिसऱ्यासमोर दिलेलें उत्तर खरें असेलच असेंहि नाहीं. खोटें उत्तर लिहिलें गेलें तर त्यावरून होणारा उपचार चुकणार. म्हणून चांगल्या दवाखान्यांत प्रश्न विचारण्याच्या वेळीं सोबतच्या मंडळींना बाहेर बसावयास सांगतात, आणि हें सर्वांनाच सांगतात, म्हणजे कोणा एकीला वेगळें काढल्यासारखें होत नाहीं.

आपल्याकडे रुग्णाला काका, मावशी, आजोबा म्हणण्याची चाल आहे. ती टाकून द्यावी असें मला वाटत नाहीं. घाबरलेल्या वृद्धेला मावशी म्हणून हांक मारली तर तिची अर्धी भीति जाते. मात्र मावशी म्हटलें म्हणून भाचीचे हक्क आपल्याला मिळाले असें विद्यार्थिनीनें समजूं नये. “मावशी, किती वेळां सांगितलें तंबाखू सोडा म्हणून!” असें भाची रागावूं शकते, हायजिनिस्टनें रागावूं नये. रागावलें कीं रुग्ण पुढच्या खेपेस खोटें बोलतो किंवा येतच नाहीं. तसेंच, मावशी म्हटलें म्हणून त्या मावशीनेंहि हिच्या लग्नाची चौकशी करीत बसावें, असें नाहीं. त्या चौकशीला हंसून बगल द्यावी आणि कामास लागावें.

दुसरी गोष्ट अप्रिय असली तरी लिहिलीच पाहिजे. हें काम रुग्णाच्या श्वासाइतक्या जवळून करावयाचें असतें. एखादा रुग्ण त्या जवळिकीचा गैरफायदा घेतो. नको तें बोलतो, फोनचा नंबर मागतो, हात लागल्यासारखें दाखवितो. अशा वेळीं हत्यार खालीं ठेवावें, खुर्ची सरळ करावी आणि शिक्षकांना बोलवावें. त्याला कारण सांगण्याची किंवा काम पुरें करण्याची गरज नाहीं. मर्यादा हत्यार धरणाऱ्यानें पाळावयाची, याचा अर्थ त्यानें सर्व कांहीं सोसावें असा होत नाहीं. घरीं हें कळलें म्हणजे वडील मंडळींच्या मनांत पहिला विचार येतो, तो मुलीचें शिक्षण थांबविण्याचा. त्याचा परिणाम असा होतो कीं, मुली घरीं सांगतच नाहींत. शिक्षण थांबविण्यापेक्षां वडिलांनीं महाविद्यालयांत जाऊन दोन प्रश्न विचारावे. काम चालू असतां त्या दालनांत शिक्षक हजर असतात काय? आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणें दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या प्रत्येक ठिकाणीं जी तक्रार समिति असावी लागते ती येथें आहे काय, व तिच्यांत कोण आहेत? बापानें हे प्रश्न विचारले हें नुसतें कळलें तरी मुलीला केवढा धीर येतो!

शेवटीं घरच्या मंडळींस चार शब्द. मुलगी सुटींत घरीं आली म्हणजे ओटीवर बसवून, “तूं दांतांचेंच शिकतेस ना, मग बघ जरा माझी दाढ,” असें म्हणण्याचा मोह सर्वांनाच होतो. शिक्षण पुरें होईपर्यंत तिला शिक्षकांच्या देखरेखीबाहेर हात लावण्याचा अधिकार नाहीं, आणि उकळत्या पाण्यांतून काढलेलें हत्यार म्हणजे दवाखान्यांत दाबाच्या वाफेनें निर्जंतुक केलेलें हत्यार नव्हे. ती नाहीं म्हणाली तर तो उद्धटपणा समजूं नये. तिनें ब्रश कसा धरावा हें दाखवावें, रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासण्याचा आग्रह धरावा, दाढ दुखत असेल तर दवाखान्यांत चला म्हणावें. एवढें ती घरींहि करूं शकते. आत्याबाईंच्या तोंडांत काय निघालें असें विचारल्यावर ती गप्प राहिली, तर ती आपल्याला परकी झाली असें मानूं नये. आज ती आत्याबाईंची गोष्ट आपल्यापासून राखते. उद्यां आपली गोष्ट आत्याबाईंपासून राखील. आणि पुढच्या खेपेस सुनेला घेऊन दंतवैद्याकडे गेल्यावर कोणी तरुण मुलगी अदबीनें म्हणाली, “आजी, आपण दोन मिनिटें बाहेर बसाल काय?” तर आजीबाईंनीं मनांत कांहींहि न आणतां उठावें आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसावें.